निळूची हाळी

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या मराठी मंडळात गणपतीची आरती सुरू झाली की सगळे बेंबीच्या देठापासून ओरडतात, आणि उल्हास बिडकर मागच्या रांगेत उभा राहून नुसते ओठ हलवतो. त्याच्याशी बोलायला गेलं की आपलाच आवाज आपोआप खाली येतो. शुभा, त्याची बायको, चारचौघांत सांगते, की लग्नाला इतकी वर्षं झाली पण हा माणूस एकदाही माझ्यावर खेकसला नाही. ऐकणाऱ्या बायका कौतुकानं बघायला लागल्या की ती पुढचं वाक्य टाकते: खेकसला असता तर निदान पोटात काय आहे ते तरी कळलं असतं.

त्याचं कामही असं, की देवानं माणूस बघूनच ते दिलं असावं. डेट्रॉइटच्या आसपास आपली एवढी इंजिनिअर मंडळी आहेत. कोणी ब्रेक बघतं, कोणी बॅटरी बघतं. उल्हास गाडीतले आवाज मारतो. नव्या गाडीत एक पुतळा बसवतात, त्याच्या दोन्ही कानांत मायक्रोफोन घालतात, आणि ट्रॅकवर गाडी फिरवून कुठे काय कुरकुरतंय ते शोधतात. उल्हासला पुतळा लागत नाही. तो डोळे मिटून शेजारच्या सीटवर बसतो आणि हळूच म्हणतो, उजवं मागचं दार, काचेच्या रबराच्या खाली. दार उघडून बघावं तर दुखणं तिथेच. विजेच्या गाड्या आल्यापासून तर त्याचं काम दुप्पट झालं, कारण इंजिनाचा आवाज गेला तसे त्याच्यामागे लपलेले सगळे आवाज उघडे पडले. इतकी वर्षं हा माणूस अमेरिकेच्या लोकांना शांतता करून देतोय, आणि ते लोक गाडीत बसल्याबरोबर रेडिओ लावतात.

लहानपणी मात्र त्याला आवाज होता. नुसता आवाज नाही, हाळी होती. चिंचवडला एका खोलीचं घर. वडील पिंपरीच्या कारखान्यात रात्रपाळीला. सकाळी ते घरी यायचे, चहा प्यायचे आणि खोलीच्या कोपऱ्यात पडद्यामागे, डोळ्यांवर पंचा टाकून झोपायचे. उल्हास मैदानावरून मित्राला हाक मारायचा ती रेल्वेच्या रुळांपर्यंत जायची. आणि घरात पाऊल टाकलं, की आईचं बोट ओठांवर. गप. बाबा झोपलेत. आई म्हणायची, आत्या आली की आत्या म्हणायची, शेजारच्या काकूसुद्धा भिंतीपलीकडून म्हणायच्या. मुलगा गुणी होता. तो इतका नीट गप झाला, की पुढे वडील रात्रपाळीवरून सुटले, निवृत्त झाले, एक दिवस गेलेही, पण याचा आवाज काही वर आला नाही.

अशा माणसाच्या घरात निळू आला, याला काय म्हणावं!

झालं असं, की त्यांची मुलगी हिमानी, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला नोकरीला जायच्या आधीच्या वसंतात, कुत्र्यांच्या एका शेल्टरमध्ये मदतीला जात होती. थोडेच दिवस ठेवायचंय, असं सांगून तिनं एक कुत्रा घरी आणला. शुभानं होकार दिला होता तो मांडीवर मावणाऱ्या कुत्र्याला. दारात उभा होता तो तिच्या कमरेपर्यंत येणारा. लांब पाय, गळ्यापर्यंत लोंबणारे कान, डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके, आणि पांढऱ्या अंगावर काळ्या ठिपक्यांची अशी गर्दी, की लांबून कुत्रा चक्क निळा दिसायचा. याच्या अंगावर शाई सांडली का गं, असं शुभानं विचारलं. हिमानीनं सांगितलं की ही ब्लूटिक कूनहाउंड नावाची जात आहे, शिकारीची. याचा म्हातारा मालक वृद्धांच्या केंद्रात गेला आणि तिथे कुत्र्याला परवानगी नाही. हिमानी सनीव्हेलला गेली. थोडे दिवस संपले. निळू राहिला.

उल्हासनं मग त्याची कुंडली काढली. इंजिनिअर माणूस, घरात मिक्सर आला तरी माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणारा. त्याला कळलं की निळूचे पूर्वज फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडचे, गॅस्कनीचे. हरणं, रानडुकरं, लांडगे यांच्या मागे जाणारी मोठी निळी कुत्री. ती जहाजातून माणसांबरोबर इकडे आली, लुइझियानाच्या दलदलीत उतरली, तिथे त्यांचा इंग्लंडहून आलेल्या फॉक्सहाउंडांशी आणि डोंगरातल्या गावठी कुत्र्यांशी संबंध जुळला. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांनाही फ्रान्सहून अशी शिकारी कुत्री भेट आली होती म्हणतात. म्हणजे आपल्या कितीतरी आधी यांची ग्रीन कार्डं झालेली, असं उल्हास शुभाला म्हणाला. हा त्याचा त्या वर्षातला एकमेव विनोद.

पुढे या कुत्र्यांच्या पाळणाऱ्यांत दोन तट पडले. काहींना वेग हवा होता. काहींना मात्र सावकाश जाणारा, हट्टी, एक वास धरला की सोडणार नाही असाच कुत्रा हवा होता. आपल्याकडे स्वातंत्र्याची गडबड चालू होती त्या सुमाराला हे दुसरे लोक आपली निळी कुत्री घेऊन वेगळे झाले. त्यांच्या भाषेत या कुत्र्याचं नाक थंड. म्हणजे ज्याची शिकार करायची तो रॅकून, झाडांवर चढणारा इकडचा रानटी प्राणी, केव्हाच येऊन गेलेला असतो, वास निवून गेलेला असतो, बाकीची कुत्री तिथून पुढे पळून जातात, आणि हा तिथे थांबतो. तो निवलेला वास धरून नदी ओलांडतो, टेकडी चढतो, आणि शेवटी ज्या झाडावर तो प्राणी चढला असेल त्या झाडाशी उभा राहतो. तिथून हलत नाही. मालक येईपर्यंत हाळी देत राहतो.

या हाळीपाशी उल्हास अडकला. कारण मालक काही कुत्र्यामागे धावत नाही. तो कुठेतरी टेकडीखाली बसून ऐकतो. वासावर चालताना कुत्र्याचा आवाज लांब, घोळवलेला. झाडाशी पोचला की तुटक, टोले दिल्यासारखा. अंधारात बसलेल्या माणसाला नुसत्या आवाजावरून कळतं की आपला कुत्रा आता कुठे आहे, काय करतोय. शे-दोनशे वर्षं लोकांनी निवडून निवडून, वाढवून वाढवून जे जपलं, ते नाकाइतकंच हे गळ्यातलं. कुत्र्याचं नाक आणि माणसाचा कान, असा तो जोडधंदा.

आणि मग मे महिन्यातल्या एका सकाळी, परसातल्या कुंपणावरून खार पळाली आणि निळूनं पहिल्यांदा तोंड उघडलं. उल्हास हातात कप धरून दारात उभा होता. तो आवाज खालून निघाला, छातीतून, वर चढला, आणि वर गेल्यावर तुटला नाही, तिथेच राहिला. समोरच्या मेपलच्या झाडांतून फिरून परत आल्यासारखा वाटला. उल्हासच्या अंगावर काटा आला. गाडीतल्या आवाजांचं त्याला कायम एकच कळायचं, की हा काढला पाहिजे. हा आवाज काढायचा नव्हता. हा असाच रोज यावा, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याचंच त्याला नवल वाटलं. चहा गार झाला तरी तो तिथेच उभा होता.

पण सुख टिकावं कसं? महिना झाला नसेल, शेजारची डोना दाराशी आली. डोना रुग्णालयात नर्स, तीही रात्रपाळीची. सकाळी येऊन दिवसा झोपणारी. हातात तिनं घरी केलेला बनाना ब्रेड होता. आता आपल्याकडे शेजारीण काहीतरी वाटीत घेऊन आली आणि बोलता बोलता तिनं आवाजाचा विषय काढला, तर त्याचा अर्थ एकच असतो. वाटी ही प्रस्तावना. डोना हसत म्हणाली, सकाळी मी घरी येऊन आडवी पडते ना, तेव्हा तुमचा कुत्रा ऐकू येतो, आणि...

तिला पुढचा शब्द उल्हासनं बोलू दिला नाही. सॉरी, सो सॉरी, असं तो म्हणाला, पुन्हा म्हणाला. वी विल टेक केअर ऑफ इट, म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर पडदा आणि पंचा. शुभानं आतून चिवड्याचा डबा आणून डोनाच्या हातात कोंबला. डोनानं पुन्हा तोंड उघडलं, पण एवढे ओशाळलेले दोन चेहरे समोर पाहून तिनं डबा छातीशी धरला, थँक यू म्हणाली आणि गेली.

त्या संध्याकाळपासून निळूची शाळा सुरू झाली. निळूनं मान वर केली, की उल्हासनं बोट ओठांवर ठेवायचं आणि म्हणायचं, गप. निळू गप राहिला की चीजचा तुकडा. हुशार जात, श्रावण लागायच्या आत निळू पक्का शिकला. खार कुंपणावर आली की त्याचे कान टवकारायचे, गळा फुगायचा, आणि मग तो सगळा वारा गिळून टाकायचा आणि वळून उल्हासकडे बघायचा. चीज घ्यायचा. शुभा मंडळात सांगायची, आमचा निळू इतका शहाणा, घरात कुत्रा आहे हे कळतसुद्धा नाही. उल्हास हे ऐकून मान हलवायचा. पण त्याला आतून बरं वाटत नव्हतं, आणि का बरं वाटत नाही हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

कारण निळू एकाच ठिकाणी ओरडायचा. झोपेत.

रविवारी दुपारी जेवणं झाली की निळू बैठकीच्या गालिच्यावर पसरायचा. थोड्या वेळानं त्याचे पंजे हलायला लागायचे, मिशा थरथरायच्या, आणि मिटलेल्या तोंडातून तो लांब आवाज यायचा, अगदी बारीक, भिंतीपलीकडे कोणी गुणगुणावं तसा. उल्हास पेपर बाजूला ठेवून खुर्चीत बसून ऐकायचा. हा कुठल्या रानात आहे आत्ता? मिशिगनचं तर नक्की नसेल. ऐकता ऐकता त्याचेही डोळे मिटायचे, आणि मग तोही त्या रानात जायचा. ओली जमीन, पाण्यात उभी असलेली झाडं, धुक्यात हलणारे कंदील. कंदीलवाली माणसं अनोळखी भाषेत बोलायची आणि ती त्याला समजायची. निळ्या कुत्र्यांचा कळप पाण्यातून जायचा, सगळ्यांचे आवाज एकात एक मिसळलेले, आणि तो त्यांच्यामागे नुसता चालत राहायचा, न दमता. रानाच्या शेवटी एक पडदा असायचा. पडद्यामागे लोखंडी खाट. त्याला कळायचं की आता यांना गप करायला हवं, बाबा उठतील. पण त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. तो जागा व्हायचा तेव्हा निळूही जागा होऊन त्याच्याकडे बघत असायचा.

मग ऑक्टोबर आला. झाडं लाल-पिवळी झाली, तसे शनिवारी दुपारी निळूला धरून तिघं मिलफर्डकडच्या रानात फिरायला गेले. मोठं रान आहे ते. मधून नदी, पलीकडे दलदल, त्याच्या पलीकडे हायवे. एका बाकावर बसून शुभानं थर्मासमधला चहा ओतला. कप घ्यायला म्हणून उल्हासनं निळूचा पट्टा बाकाच्या हातावर अडकवला. दोन घोट घेतले असतील. पानांचा सळसळ आवाज झाला, वळून बघतात तो पट्टाही नाही आणि निळूही नाही.

दुसरा कुठलाही हाउंड असता तर रान डोक्यावर घेत गेला असता. निळू शहाण्यासारखा, एकही आवाज न करता गेला.

अंधार पडेपर्यंत दोघं हिंडले. शुभा हाका मारत होती, तिचा घसा बसला. उल्हासही मारत होता, पण त्याची हाक पुढच्या झाडाशी जाऊन संपायची. निळू पट्टा ओढत गेलेला. तो कुठल्या मुळाशी, काटेरी झुडपात अडकला तर? हायवेकडे गेला तर? रानाच्या चौकीत सांगून, फोटो देऊन ते घरी आले.

घरासमोर गाडीतून उतरताच शुभाला रडू फुटलं. डोना ड्यूटीवर निघाली होती; तिनं गाडी बंद केली आणि धावत आली. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली की जिथून सुटला तिथे उल्हासचा एखादा कपडा जमिनीवर ठेवून या. तिचे वडील केंटकीत शिकारीची कुत्री पाळायचे. कुत्रा परतला नाही की ते आपला कोट काढून तिथेच रानात अंथरायचे. सकाळी कुत्रा कोटावर झोपलेला सापडायचा.

शुभा डोळे पुसत आत गेली आणि उल्हासचं जाकीट घेऊन आली, धुतलेलं, घडीचं. तशाही अवस्थेत तिला वाटलं, बाहेर चारचौघांत ठेवायचं तर निदान स्वच्छ असावं. डोनानं ते हुंगलं आणि मान हलवली. मग उल्हासनं अंगातला स्वेटर काढला, कोपरावर विरलेला, करडा, जो फेकून द्या म्हणून शुभा किती वर्षं मागे लागली होती. परत जाऊन त्यानं तो बाकाखाली पानांवर पसरला. सकाळी ड्यूटी संपली की थेट तिथेच येते, असं डोना म्हणाली होती. ती रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही.

उजाडताना रानात इतकं धुकं होतं, की बाक अगदी जवळ गेल्यावर दिसला. स्वेटर तसाच होता. त्यावर दव होतं आणि एक पिवळं पान पडलं होतं. उल्हास मटकन बाकावर बसला. शुभानं हात त्याच्या पाठीवर ठेवला.

डोना आली ती नर्सच्याच कपड्यांत, वरून जाकीट. तिनं स्वेटर पाहिला, आणि तिचा चेहरा उलट उजळला. ती म्हणाली, की याचा अर्थ तो हरवलेला नाही. हरवलेला कुत्रा कपड्याशी येतो. हा कोणालातरी झाडावर चढवून खाली उभा आहे, आणि तुमची वाट बघतोय. ती थोडा वेळ कान देऊन उभी राहिली. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“पण मग तो ओरडत का नाही?” ती म्हणाली. “ब्लूटिक झाडाशी असला तर मैलभर ऐकू येतो. आजारी आहे का तो? उन्हाळ्यापासून त्याचा आवाजच आला नाही. मला तर वाटलं, तुम्ही त्याला देऊन टाकलंत.”

उल्हासनं खाली बघत सांगितलं. गप शिकवल्याचं, चीजचं. तुझी झोप मोडत होती म्हणून, असं म्हणाला.

डोना त्याच्याकडे बघतच राहिली. “माझी झोप?” ती म्हणाली. “उल्हास, मी त्या दिवशी तेच सांगायला आले होते. तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. लहानपणी वडील कुत्री सोडून डोंगराखाली बसायचे, आणि आम्ही मुलं घरात त्यांचे आवाज ऐकत झोपायचो. तुमचा कुत्रा ओरडायचा तेव्हा मला इतक्या वर्षांनी तशी झोप लागत होती. थँक यू म्हणायला आले होते मी.”

कोणी मागितली नव्हती ती शांतता. उल्हासनं आपल्या मनानं ती दिली होती, एका जिवाच्या गळ्यातून काढून. आणि आता तो जीव या धुक्यात कुठेतरी झाडाशी उभा होता, मालक ऐकतोय या भरवशावर, आणि मालकानंच सांगितलेलं म्हणून तोंड मिटून.

“अहो,” शुभा हलकेच म्हणाली, “तुम्ही हाक मारा.”

“कालपासून मारतोच आहे की.”

“ही नाही. सासूबाई सांगायच्या ती. रेल्वेच्या रुळांपर्यंत जायची ती.”

शुभानं ती कधी ऐकली नव्हती. उल्हासलाही खात्री नव्हती की ती अजून आत आहे. तो उठला. पहिल्यांदा नुसता खोकला आला. दुसऱ्यांदा आवाज फाटला, आणि दोन बायकांसमोर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यानं डोळे मिटले. धुकं होतंच, डोळे मिटल्यावर ते रविवारच्या दुपारचं रान झालं, ओली जमीन, कंदील, पाण्यातून जाणारी निळी कुत्री. तो त्यांच्यात उभा राहिला, मान मागे टाकली, आणि नाव-बिव काही न घेता त्यानं निळूचीच हाळी दिली. खालून निघालेली, वर चढलेली, वर गेल्यावर न तुटलेली. शुभाच्या तोंडून अगबाई निघालं. बावन्न-पंचावन्न वर्षांच्या त्या सभ्य माणसानं सगळं रान दणाणून सोडलं.

मग काही नाही. धुक्यातून पाण्याचे थेंब पानांवर पडत होते. उल्हासनं पुन्हा हाळी दिली.

आणि फार लांबून उत्तर आलं. बारीक, मिटल्या तोंडाचं. गालिच्यावरचं, झोपेतलं. मग पुन्हा आलं, जरा मोकळं, जणू विचारत असावा की खरंच का? उल्हासनं तिसऱ्यांदा गळा सोडला, आणि तिकडून निळूचा गळा सुटला. लांब, पूर्ण, घोळवलेला. आणि लगेच तुटक टोले, एकामागे एक.

डोना हसत-रडत म्हणाली की झाडाशी आहे तो. पण कुठल्या झाडाशी? धुक्यात आवाज सगळीकडून येत होता. उल्हासनं डोळे उघडलेच नाहीत. तो तसाच उभा राहिला, गाडीत शेजारच्या सीटवर बसतो तसा, आणि हळूच म्हणाला, उजवीकडे, पाण्याच्या पलीकडे, उतारावर.

तिथेच होता. ओकच्या एका जुन्या झाडावर पुढचे दोन्ही पंजे टेकवून उभा, पट्टा काटेरी झुडपात गुरफटलेला, पोटापर्यंत चिखल. वर फांदीच्या बेचक्यात रॅकून बसला होता, मांजराहून मोठा, डोळ्यांभोवती काळी पट्टी, आणि खालच्या गोंधळाकडे कंटाळून बघत होता. निळूनं मागे वळून उल्हासला पाहिलं, आणि चटकन तोंड मिटलं. गळ्यातला वारा गिळला. मग शेपूट हलवत त्यानं उल्हासच्या हाताकडे बघितलं. चीजसाठी.

ते बघून उल्हास चिखलात गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या गळ्यात पडून रडला. पोटात काय आहे ते शुभाला त्या दिवशी स्वच्छ कळलं.

“बोल रे,” तो निळूच्या कानात म्हणत होता, “बोल, राजा. चुकलं माझं. बोल.”

निळूला बोलचा अर्थ माहीत नव्हता. पण वर रॅकून हलला, आणि उल्हासचं बोट काही ओठांवर गेलं नाही.

घरी येऊन निळूला आंघोळ झाली, दहीभात झाला. डोना तिच्या घरी गेली. तिच्या खिडकीचे पडदे खाली आले. उल्हासनं परसाचं दार उघडं टाकलं. थंडी आत येत होती, शुभा शाल गुंडाळून कुरकुरत होती, पण दार लावत नव्हती. कुंपणावर खार आली. निळूनं मान वर केली, एकदा उल्हासकडे बघितलं, आणि मग लांब हाळी दिली. शेजारचा पडदा हलला नाही.

उल्हास खुर्चीत बसून ऐकत होता. झोप डोळ्यांवर येत होती. तो आठवून बघत होता, की गप असं त्याला कोण कोण म्हणालं होतं. आई म्हणाली होती. आत्या, शेजारच्या काकू. बाबा? त्यानं खूप मागे जाऊन शोधलं. बाबांच्या तोंडून तो शब्द त्याला सापडेना. सापडली ती एक संध्याकाळ. बाबा झोपून उठलेत, खाटेवर बसून बशीतून चहा पितायत, डोळे लाल. आणि कोपऱ्यात अभ्यास करत बसलेल्या त्याला विचारतायत, “आज मैदानावर गेला नव्हतास का रे? आवाज नाही आला तुझा.”

त्यानं तेव्हा काय उत्तर दिलं होतं, ते त्याला आठवलं नाही. बहुतेक नुसती मान हलवली असेल. बाहेर निळू पुन्हा ओरडला, आणि उल्हासनं उठून स्वयंपाकघराची खिडकीही उघडली.